पाठमोरी

झडपेच्या लोखंडी चाकावरचा लाल रंग एका जागी उडाला आहे. टवका अंगठ्याच्या नखाएवढा, कडा गंजून तपकिरी. मी ते चाक धरते, फिरवते, आणि ते सहज फिरतं.

ही माझी आठवण आहे. अटक झाली तेव्हा ती माझ्याकडे नव्हती.

शीतगृहात तापमान तपासणं हे माझं काम. यंत्रामागच्या बोळातून मी रोज जायचे, आणि रोजच्या जाण्यातली एकच दुपार वेगळी काढून आठवता येत नाही. त्या दुपारी कुणीतरी अमोनिया वायूची झडप उघडली आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचे डोळे गेले. ती मी जाणूनबुजून उघडली, असा माझ्यावर आरोप. पहिल्यांदा तो वाचून दाखवला तेव्हा मला काहीच आठवलं नाही. पुढच्या वेळी चाक आठवलं. मग बोळातला गारठा. मग पांढरा डगला. चौकशीत असो वा कोर्टात, प्रत्येक वाचनानंतर आठवण थोडी वाढलेली असे, बंद बशीतल्या बुरशीसारखी.

जामीन मिळाल्यापासून मी दादाकडे राहत होते. सुनावणीच्या आदल्या दिवशी वकीलबाई तिथेच आल्या.

"कबूल करून टाक," दादा म्हणाला. "सरकारी वकील शिक्षा कमी करू म्हणताहेत ना? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

"ती चढून झालीय," वकीलबाई म्हणाल्या. "आता कशी उतरायची ते बघू."

"यांचं ऐकू नका हो," वहिनी म्हणाली. "रस्त्यात पोलिसानं हात केला की हे आधी माफी मागतात, मग विचारतात, काय चुकलं?"

वकीलबाई हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. सिद्ध त्यांनी करायचं, तुम्ही नाही. तुम्ही गप्प राहिलात म्हणून दोषी ठरत नाही. आणि कबुली द्यायचीच तर ती तुमच्या मनानं. दादांच्या नाही, माझ्याही नाही."

"पण मला आठवतंय," मी म्हणाले.

हे मी कुणाजवळच बोलले नव्हते. वहिनीने कप खाली ठेवला.

"चाक फिरवताना तुमचे हात कसे दिसतात?" वकीलबाईंनी विचारलं.

मी डोळे मिटून पाहिलं. "हात दिसत नाहीत."

"मग काय दिसतं?"

"पाठ. टोपीखालून आलेले केस."

"कुणाची पाठ?"

"माझी."

वकीलबाईंनी पिशवीतून फोटो काढले. "पोलिसांकडचा पुरावा पाहणं हा तुमचा हक्क. म्हणून मागून घेतला." एका फोटोत झडपेचं चाक होतं, रंगाच्या टवक्यासकट. दुसरा छताजवळच्या कॅमेऱ्यातला: बोळ, पांढरा डगला, पाठ. तसा डगला आणि टोपी आम्ही सगळ्याच घालायचो.

"चौकशीत हेच दाखवलं होतं?"

"पुन्हा पुन्हा. 'ही तूच ना?' म्हणायचे."

"वकील नव्हता सोबत?"

"मागता येतो, हेच माहीत नव्हतं."

निरीक्षण करणारा कुठे उभा आहे, हे आधी विचारायचं असतं. माझी आठवण कॅमेऱ्याच्या जागेवरून दिसत होती, आणि मी छताजवळ कधीच नव्हते. एवढं समजल्यावर ती आठवण विरून जायला हवी होती.

ती गेली नाही. संध्याकाळी मी भांडी विसळत होते, तेव्हा आठवणीतल्या बोळातली बाई थांबली. मागे कुणीतरी आहे हे कळल्यासारखी. तिची मान किंचित वळलेली होती. आजवरच्या कुठल्याच फोटोत ती तशी नव्हती.

सकाळी कोर्टात आरोप पुन्हा वाचला गेला. याआधी दोनदा मी विचार करायला वेळ मागितला होता. मागच्या बाकावर दादा मान खाली घालून बसला होता. 'जाणूनबुजून' हा शब्द आला आणि बाईने चाक सोडलं. ती वळू लागली. आधी कान दिसला, मग गाल.

"आरोप समजला का?" न्यायाधीशांनी विचारलं. "कबूल आहे?"

अजून थोडं थांबले असते तर तिचा चेहरा दिसला असता. तो माझाच असणार, हे मला ठाऊक होतं. चाक, गारठा, डगला, आत्तापर्यंत तिला जे जे हवं होतं ते मीच पुरवत आले होते.

"समजला," मी म्हणाले. "कबूल नाही. खटला चालवा."