शाफ्टची गल्ली

दोंडाईच्याच्या स्टेशनामागे आमची जिनिंग होती, कापसातून सरकी काढायचा कारखाना. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या यायला लागायच्या आणि होळीपर्यंत आम्हा बायांना तिथे काम असायचं. अजून कुठे ओल्या सरकीचा वास आला की मी चालता चालता थांबते. मुलं विचारतात, काय झालं? काही नाही म्हणते.

ओट्यावर ओळीने यंत्रं होती आणि प्रत्येक यंत्रापाशी एक बाई. वरून कापूस सोडायचा, पुढे रुई पडायची, खाली सरकी. सगळी यंत्रं पट्ट्यांनी एकाच लांब लोखंडी दांड्यावर फिरायची. त्याला शाफ्ट म्हणत. तो ओट्याच्या खाली, माणसाला वाकूनच जाता येईल अशा अरुंद गल्लीत फिरत असे. उडालेली रुई त्याच्यावर गुंडाळली जायची, तिचा गड्डा होऊन पट्टे घसरायचे, आणि यंत्रं मंद व्हायची. मग एका बाईने खाली उतरून ती रुई काढायची. दुपारी भाकरीच्या सुट्टीत मोटर बंद होई, तेव्हा हे काम होत असे.

आमचे मुकादम पंडितभाऊ. ते नात्याने माझे जेठ, माझ्या यजमानांचे थोरले चुलतभाऊ. मला तिथे कामाला त्यांनीच लावलं होतं. आमच्याकडे सून जेठासमोर डोक्यावरून पदर घेते आणि त्यांच्याशी बोलत नाही. काही सांगायचंच असेल तर मधल्या माणसाला सांगायचं. बऱ्याचशा बाया त्यांच्याच गल्लीतल्या सुना होत्या, कोणाचे ते जेठ, कोणाचे सासरे. ते ओट्यावरून चालत आले की ओळीने पदर डोक्यावर जायचे. एक झुंबरबाई तेवढी मोकळी होती. ती त्यांच्या मामाच्या गावची, त्यांच्याहून मोठी. ती त्यांना भाऊ म्हणायची आणि वाटेल ते बोलायची. आम्हा सगळ्यांचे निरोप तिच्या तोंडून जायचे.

माझ्या आधी दोन वर्षं भिकुबाई नावाची बाई त्या गल्लीत सापडली होती. सुट्टी संपायला आली तरी तिचं काम उरकलं नव्हतं आणि वर मोटर सुरू झाली. ती बाहेर निघतच होती. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पंडितभाऊ येऊन उभे राहिले, उरकलं का म्हणून बघायला. भिकुबाईने सवयीने खोचलेला पदर सोडला आणि डोक्यावर घेतला. तो शाफ्टने ओढला, आणि पदराबरोबर हात. कोपराखाली हात राहिला नाही. पुढे ती बाजारात शेंगा विकायला बसायची, तराजू गुडघ्यात धरून. सगळे म्हणत, पदर सांभाळता आला नाही तिला. मीही तसंच म्हणायची.

मी सांगते आहे ते वर्ष एकोणीसशे एकोणनव्वद. त्या वर्षी कापूस उदंड आला होता. आवारात गाड्या मावत नव्हत्या, रस्त्यावर रांग लागली होती. मॅनेजर सकाळ-संध्याकाळ ओट्यावर येऊन घड्याळ बघायचा. एके दिवशी अकराच्या सुमाराला पट्टे घसरायला लागले. पंडितभाऊ ओट्याच्या टोकाला येऊन उभे राहिले.

"झुंबरबाई, त्या नर्मदाले सांगा, खाले उतर. शाफ्टले रुई गुताई गयी शे. हातभर काम शे."

नर्मदा लग्न होऊन नुकतीच आलेली, माझ्या शेजारच्या यंत्रावरची. अंगाने बारीक म्हणून तिचं नाव निघालं.

झुंबरबाई म्हणाली, "मंग मोटर बंद करा ना, भाऊ."

"आते टाइम नही शे. बाहेर गाड्या उभ्या शेतस."

"उभ्या ऱ्हाऊ द्या. त्यास्ना पाय दुखतस का?"

दोन-चार बाया पदराआड हसल्या. पंडितभाऊ हसले नाहीत. "मॅनेजरनी सांगेल शे, चालू मोटरवर काढा म्हणून. ज्या बाईले जमत नही तिनी घर जावानं."

नर्मदा उठली. तिने पदर कमरेला खोचला, मग समोर पंडितभाऊ आहेत हे ध्यानात येऊन पुन्हा सोडला आणि डोक्यावर घेतला. मी ते पाहिलं. मला भिकुबाईचा कोपरापाशी संपलेला हात दिसला. पहिल्यांदाच वाटलं की पदर तिने सांभाळला नाही असं नाही, तिने तो नको तेवढा सांभाळला.

बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण समोर जेठ. उभ्या आयुष्यात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. झुंबरबाईकडे पाहिलं, ती वाद घालून थकली होती.

"काय व सुनंदा, तोंड शिवेल शे का तुनं?" ती म्हणाली.

मी चौथीपर्यंत शिकलेली. वाचायची मला खोड होती. शेंगांच्या पुडीचा कागदही मी वाचल्याशिवाय टाकत नसे. ओट्याच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक मोठी छापील पाटी होती. कारखान्याच्या कायद्यातल्या मुख्य गोष्टी मराठीत छापून लावाव्या लागत, तशी ती लावलेली. तिच्यावर रुईचा थर बसलेला, आणि तिच्याच खिळ्याला पंडितभाऊंची पिशवी टांगलेली. भाकरीच्या सुट्टीत मी ती अधूनमधून वाचली होती. त्यातली एक ओळ मला त्या क्षणी आठवली, पण नीट शब्द आठवेनात.

मी उठून भिंतीपाशी गेले. पंडितभाऊंची पिशवी काढून हळूच ओट्यावर ठेवली. पदराच्या टोकाने काच पुसली. जेठांकडे माझी पाठ होती, आणि मी कोणाशीच बोलत नव्हते. मी नुसती वाचत होते, मोठ्याने, शाळेत वाचायचे तशी.

"यंत्र चालू असताना, कोणत्याही स्त्रीस, त्याच्या शाफ्टची किंवा पट्ट्यांची सफाई करू देता येणार नाही."

यंत्रांच्या आवाजात अर्धं बुडालं असेल. मी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

"झुंबरबाई," पंडितभाऊ म्हणाले, "तिले ईचारा, ती काय करी राहिनी?"

"वाची राहिनी. कान शेतस ना तुमले? आयका."

"ती पाटी तपासनीना सायबासाठे लावेल शे."

"बाईसाठे लिखेल शे तिच्यावर. सायबाले काय करानी ती?"

मी पाठमोरीच म्हणाले, पाटीला म्हणावं तसं, "करू देता येणार नाही, असं लिहिलंय. म्हणजे कोणी सांगितलं तरी नाही म्हणता येतं." हे शेवटचं पाटीवर नव्हतं, ते माझं होतं. पण ज्यांना ते काम करून घ्यायलाच मनाई आहे, त्यांना नाही म्हणायला आपल्याला कोणाची परवानगी लागावी, हे मला कळेना.

नर्मदा परत आपल्या जागेवर येऊन बसली. झुंबरबाईने कापूस सोडायचा थांबवला आणि मांडी घातली. तिचं बघून पुढची, मग तिच्या पुढची. कोणी घोषणा दिली नाही. यंत्रं रिकामी खडखडत राहिली. हंगामाचं काम गेलं तर यजमानांना काय सांगू, आणि जेठांच्या शब्दावर मिळालेलं काम मी जेठांच्याच तोंडावर टाकलं, हे घरात कसं निभावू, एवढंच डोक्यात.

आवाज बदललेला ऐकून मॅनेजर धावत आला. तो बाहेरगावचा, पँट-शर्टातला. त्याच्याशी बोलायला मला अडचण नव्हती.

"काय चाललंय? कोणी शिकवलं हे?" तो म्हणाला.

"भिंतीवर तुम्हीच लावलंय, साहेब," मी म्हणाले. "आम्ही काम सोडत नाही. मोटर बंद करा, मी स्वतः उतरते."

"अर्धा तास मोटर बंद म्हणजे काय, माहीत आहे का तुला? पंडित, या बाईचं नाव घे. उद्यापासून नको."

पंडितभाऊ माझ्याकडे बघत नव्हते. गल्लीच्या तोंडाकडे बघत होते, जिथे भिकुबाईच्या वेळी ते उभे होते. मी कामाला लागल्यापासून त्यांना तिथे उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. नेहमी ओट्याच्या टोकावरूनच हुकूम द्यायचे.

"नाव घेतो, साहेब," ते म्हणाले. "पण आधी माझं घ्या. मागच्या बाईच्या वेळी मी होतो तिथं."

मॅनेजर काहीतरी बोलणार होता. पंडितभाऊ त्याच्या बाजूने पुढे गेले आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं. शाफ्ट थांबायला थोडा वेळ घेतो. त्याचा घरघराट कमी कमी होत गेला आणि मग एकदम स्टेशनावरची चहावाल्याची हाक ऐकू आली. मी आणि नर्मदा खाली उतरलो. दोघींनी मिळून वीस मिनिटांत सगळी रुई काढली. अर्धा तासही लागला नाही.

रात्रभर मला झोप लागली नाही. यजमानांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "भाऊंसमोर बोललीस?" मी म्हटलं, "नाही, वाचलं." ते हसले.

सकाळी आम्ही सगळ्या एकत्र गेलो. फाटकाशी पंडितभाऊ उभे. मी मान खाली घालून पदर पुढे ओढला. आत घेतात की परत पाठवतात, ते कळेना. ते फाटकाच्या खांबाकडे तोंड करून म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"अठे मन्हा समोर डोकावर पदर लेवानं काम नही. आत उनात की पदर खोसेल पाहिजे. घर गयात की घरना रिवाज."

कोणी हललं नाही. सुनांनी सासऱ्यासमोर पदर कमरेला खोचायचा, हे ऐकूनच काहींचे चेहरे उतरले. झुंबरबाईने नर्मदाच्या डोक्यावरचा पदर स्वतःच्या हाताने काढला आणि तिच्या कमरेला खोचला. मग माझा, आणि आम्ही आत गेलो; माझं नाव घ्यायचं पुन्हा कोणी काढलं नाही. पहिले चार दिवस उघड्या डोक्याने त्यांच्या पुढून जाताना कान गरम व्हायचे. नंतर त्यांनीच आमच्याकडे बघायचं टाळलं, आणि सवय झाली.

महिन्याभरात गल्लीच्या तोंडाला लोखंडी जाळीचं दार बसलं, कुलूप आलं. मॅनेजरने ते तपासणीच्या भीतीने केलं की कशाने, ते मला माहीत नाही. किल्ली कोणाकडे ठेवायची असा प्रश्न आला तेव्हा पंडितभाऊंनी ती झुंबरबाईच्या हातात दिली. मोटर बंद असल्याशिवाय ती किल्ली कमरेची सुटत नसे. "मॅनेजरनी माय उनी तरी नही," ती म्हणायची.

पिशवी पंडितभाऊंनी दुसऱ्या खिळ्याला टांगायला सुरुवात केली. आणि भाकरीच्या सुट्टीत ते ओट्याच्या टोकाशी बसून म्हणायचे, "झुंबरबाई, तिले सांगा, आज पुढली ओळ." मी भिंतीकडे तोंड करून वाचायची. पिण्याच्या पाण्याची ओळ आली, पाळणाघराची आली, सुट्टीची आली. त्यांना वाचता येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

पुष्कळ वर्षांनी ते आजारी पडले, तेव्हा मी बघायला गेले. खाटेपाशी बसताना माझा हात आपसूक डोक्याकडे गेला. त्यांनी डोळे उघडले. झुंबरबाई तोवर राहिली नव्हती, मध्ये बोलायला कोणी नव्हतं.

"ऱ्हाऊ दे, सुनंदा," ते म्हणाले.

मी पदर खोचला आणि त्यांना पाणी पाजलं.