मूठ वर केली तरी

जानेवारीत सहामाहीचे निकाल लागले त्या आठवड्यात आमचे कोच पत्रकारांपुढे बसले आणि त्यांनी गळा दाटून आणला. "ही तिन्ही पोरं मला लेकरांसारखी आहेत," ते म्हणाले, "पण बेलफर्ड कॉलेजात आधी अभ्यास, मग बास्केटबॉल. आपल्या चुकीची किंमत ज्याची त्याने मोजायची." मी मागे भिंतीला टेकून, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून उभा होतो. खोटं बोलताना माणसाला निदान घाम तरी यावा. या माणसाला रडू आलं.

तिन्ही पोरं म्हणजे लॅमॉन्ट पिकेट, ब्रॉडी हास आणि इफी ओकोरो. पहिल्या वर्षाची, ताडमाड उंच, आणि तिघंही माझ्या जागेवर खेळू शकतील अशी. समाजशास्त्राच्या विषयात तिघंही सपशेल आपटले, सरासरी कोसळली आणि कॉलेजने त्यांना उरलेल्या हंगामासाठी अपात्र ठरवलं. सराव करायचा, सामन्याच्या दिवशी कोट-टाय घालून बाकाच्या टोकाला बसायचं, टाळ्या वाजवायच्या. मैदानात पाऊल टाकायचं नाही.

आता यात माझं काय गेलं? माझा गुडघा गेला. मी वेड लिंडक्विस्ट, संघातला सगळ्यात जुना. एक वर्ष दुखापतीत वाया गेलं म्हणून पाचव्या वर्षी खेळत होतो आणि नवी पोरं मला आजोबा म्हणायची. डावा गुडघा दोनदा उघडून शिवलेला. डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच बजावलं होतं, "निम्मा सामना खेळ, त्यापुढे खेळलास तर जन्मभर कठड्याला धरून जिने चढशील." आणि मला जन्मभर जिनेच चढायचे होते. आमच्या गावात, हॅलस्टनला, अग्निशामक दलात एक जागा निघत होती. बाबा तिथूनच निवृत्त झालेले, प्रमुख मला नावानिशी ओळखणारे. मे महिन्यात परीक्षा होती: पाठीवर पाण्याच्या नळीचं ओझं घेऊन मनोऱ्याचे जिने धावत चढायचे. मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. बास्केटबॉल म्हणजे फुकट शिकायला मिळण्याचा रस्ता, बस्स. म्हणून कोचने ही तीन पोरं आणली तेव्हा सगळ्यात खूश मी झालो होतो.

पहिल्याच सरावाला लॅमॉन्टने माझ्या पट्ट्या बांधलेल्या पायाकडे पाहिलं.

"आजोबा, तुम्ही बसा निवांत. शाल आणून देऊ का?"

"शाल नको, रिबाउंड आणून दे. ओरडायला मी आहे."

"ओरडा की. पण जपून, कवळी पडेल."

पोरगं गुणी होतं. उडी अशी, की रिंगवर आपटून उडालेला चेंडू खाली यायची वाट बघावी लागायची नाही. डिसेंबरपर्यंत मी खरंच निम्मा सामना बाकावर बसून काढला. माझ्या जागी ते तिघं आलटून पालटून जात होते आणि आम्ही जिंकतही होतो.

घोळ झाला तो नोव्हेंबरात. आमच्याकडे रीत अशी की संघ बाहेरगावी निघाला की प्रत्येक खेळाडूने कॉलेजचं पत्र आपल्या प्रत्येक प्राध्यापकाला नेऊन द्यायचं. पत्रात लिहिलेले दिवस माफ, त्यापुढचा एकही नाही. फ्लोरिडाच्या स्पर्धेचं पत्र रविवारपर्यंतचं होतं. पण स्पर्धा संपल्यावर एका बड्या देणगीदाराने संघाला आपल्या बोटीवर जेवायला बोलावलं आणि कोचने मुक्काम एका दिवसाने वाढवला. बंदराकडे जाणाऱ्या बसमध्ये मी पाय लांब करून कोचच्या अगदी मागच्या बाकावर बसलो होतो. लॅमॉन्ट पुढे आला.

"कोच, सोमवारी आमची समाजशास्त्राची परीक्षा आहे. आम्हा तिघांची. पत्रात सोमवार नाहीये."

"मी बोललोय," कोच फोनमधून मान न काढता म्हणाले. "तुमची वेगळी घेणार आहेत."

"नक्की ना? बाई जरा कडक आहेत म्हणून—"

"अरे पोरा, तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी हे करतोय. जा, कोळंबी खा."

कोच कोणाशीही बोललेले नव्हते. दरवर्षी नव्या पोरांना ते याच वर्गात घालत, कारण सकाळचा वर्ग सरावाच्या आड येत नसे आणि शिकवायला गिलरॉय सर असत. सर आमचा एकही सामना चुकवत नसत. पोरांची परीक्षा बुडाली तर नंतर कॉफीवर गोष्ट मिटायची, आधी फोनसुद्धा करावा लागायचा नाही. फक्त गिलरॉय सर उन्हाळ्यातच निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले होते आणि हे कोचच्या गावीही नव्हतं. पोरांना कोण शिकवतं हे बघायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. लॅमॉन्ट तोंडावर 'बाई' म्हणाला, तेही त्यांच्या कानात शिरलं नाही.

नव्या आलेल्या डॉ. वॉस बाईंनी पत्र पाहिलं, त्यात सोमवार नाही हे पाहिलं आणि तिघांना शून्य दिलं. त्यांना मी दोष देत नाही. बास्केटबॉल कशाशी खातात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि कॉलेजच्या गावात तो काही गुन्हा नाही, जवळपास असला तरी.

एक वाट मात्र उरली होती. प्राध्यापकांच्या समितीपुढे दाद मागायची. परीक्षा कोचच्या शब्दावर बुडाली असं सिद्ध झालं तर ती पुन्हा होणार, पोरं आठवड्याभरात मैदानात, आणि कोचची नोकरी धोक्यात. मी लॅमॉन्टला म्हणालो, "मी ऐकलंय. मी येऊन सांगतो."

"नको आजोबा. बसमधलं बसमध्ये राहू द्या."

हा आमच्यातला कायदाच होता, देवाच्या दहा आज्ञांच्या वरचा. मी तो मोडला. मला साधुसंत समजू नका, खरं बोलण्यात माझ्या गुडघ्याचं भलं होतं. पण म्हणून खरं थोडंच खोटं होतं?

समितीत तीन प्राध्यापक होते, समोर कोच आणि ही तीन पोरं. मी बसमधलं जसंच्या तसं सांगितलं, पोरं संघाला किती गरजेची आहेत तेही सांगितलं. कोच चिडले नाहीत, उलट माझ्याकडे मायेने बघत राहिले.

"वेड सोन्यासारखा मुलगा आहे," ते म्हणाले. "पण पायासाठी गोळ्या घेतो बिचारा. त्या दिवशी बसमध्ये तो गाढ झोपला होता. स्वप्नात ऐकलं असेल."

अध्यक्षबाई लॅमॉन्टकडे वळल्या. "पिकेट, तुमचे प्रशिक्षक असं काही म्हणाले होते का?"

लॅमॉन्टने बुटांकडे पाहिलं. "नाही, मॅडम. आम्ही परीक्षा विसरलो. चूक आमचीच आहे. आणि वेड झोपला होता."

ब्रॉडी आणि इफीने माना डोलावल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी हे मी ऐकून होतो. इथे संन्यासीच फास गळ्यात घालून घेऊन चोराचे आभार मानत होते.

बाहेर जिन्यापाशी मी लॅमॉन्टची कॉलर धरली. "खोटं का बोललास? मला खोटं पाडलंस!"

"काल कोच खोलीवर आले होते," तो हळूच म्हणाला. "तोंड बंद ठेवलंत तर चारही वर्षांची स्कॉलरशिप पक्की. उघडलंत तर याच वर्षी सामान बांधा. माझी आई रात्रपाळीत म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलते, आजोबा. तिला जाऊन काय सांगू?"

"आणि माझा पाय?"

मी कॉलर सोडली. त्याच्या आईपुढे माझा पाय उभा करण्याइतका मी निर्लज्ज नव्हतो, आणि त्याला माफ करण्याइतका मोठाही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी कोचने फळ्यावर संघ लिहिला. माझ्या जागी माझं नाव, आणि राखीव खेळाडूच्या रकान्यात रेघ. माझ्यामागे उरलेच होते कोण? माझ्या काखेत मावेल असा, लांबून चेंडू टाकणारा एक नेमबाज, आणि फक्त हौसेखातर टॉवेल उचलायला आलेला वनस्पतिशास्त्राचा एक विद्यार्थी.

"फळी तुटलीये, वेड," कोच म्हणाले. "तूच समितीत सांगत होतास ना, पोरं किती गरजेची आहेत ते? अगदी बरोबर बोललास. आता तुला पूर्ण वेळ खेळावं लागेल."

नकार का दिला नाही म्हणाल तर माझी पदवी अजून हातात यायची होती आणि माझीही स्कॉलरशिप त्याच माणसाच्या खिशात होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आमच्या खेळात एक खूण असते. धावून धावून दम संपला की खेळाडू कोचकडे बघून मूठ वर करतो आणि कोच त्याला बाहेर घेतो. मूठ पाहून बाहेर न घेतलेला खेळाडू मी तोवर पाहिला नव्हता. पूर्वी मी मूठ वर केली की लॅमॉन्ट उठून जर्सी सारखी करायचा. आता मी मूठ वर केली की कोच वर गुणफलकाकडे बघायचे. फलक त्यांना इतका आवडायला कधी लागला कोण जाणे. लॅमॉन्ट टोकाला टाय लावून बसलेला असायचा. माझी मूठ दिसली की सवयीने अर्धा उठायचा आणि पुन्हा बसायचा.

फेब्रुवारीच्या अखेरीस शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा निरोपाचा सामना झाला. मी आईबाबांच्या मधे चालत मैदानात गेलो. आईच्या हातात फुलं, बाबांच्या हातात चौकटीत बसवलेली माझी जर्सी. बाबा कानाशी म्हणाले, "लंगडतोयस."

"फुलांमुळे दिसत नाहीये कोणाला," मी म्हणालो.

उत्तरार्धात गुडघ्यात काहीतरी सरकलं. मी मूठ वर केली. कोच फलक बघायला लागले. मी पुन्हा केली, उंच केली, तशीच धरून ठेवली. तेवढ्यात विद्यार्थ्यांच्या गॅलरीला वाटलं की आजोबा जोशात आलाय. सगळी गॅलरी उभी राहिली आणि शेकडो मुठी हवेत गेल्या. "वेड! वेड! वेड!" मी मदत मागत होतो आणि सगळं गाव मला शाबासकी देत होतं. पुढच्या रिबाउंडला मी उडी मारली आणि खाली आलो तेव्हा डाव्या पायाने मला धरलं नाही. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. आईने तो गॅलरीत ऐकला एवढं पुरे.

मैदानात सगळ्यात आधी धावत आला तो लॅमॉन्ट. अपात्र खेळाडूने मैदानात पाऊल टाकायचं नाही हा नियम त्याने मोडला तो एवढा एकदाच. मी त्याला म्हणालो, "हात लावू नकोस."

मार्चच्या अखेरीस आमचे कोच मोठ्या विद्यापीठात गेले, तिप्पट पगारावर म्हणे. आम्हाला निरोप फोनवरच्या संदेशात मिळाला, त्यात 'कुटुंब' हा शब्द होता. नवा कोच आपली पोरं बरोबर घेऊन आला आणि लॅमॉन्ट, ब्रॉडी, इफी यांना सांगण्यात आलं की पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी जागा नाही. चार वर्षांचा पक्का शब्द चार महिनेही टिकला नाही.

मे महिन्यात हॅलस्टनच्या मनोऱ्यावर परीक्षा झाली. मी खालून खुर्चीत बसून पाहिली. चढून आलेल्या पोरांशी बाबांनी हात मिळवला, चांगली मुलं होती. दलाच्या प्रमुखांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फोनवर माणूस लागेल आपल्याला," ते म्हणाले. "विचार कर." सध्या मी तेच करतो. आग कुठे लागलीये ते मी विचारून घेतो, विझवायला दुसरे जातात.

जूनमध्ये एका दुपारी लॅमॉन्ट बसने आमच्या गावाला आला. मी व्हरांड्यात पाय स्टुलावर ठेवून बसलो होतो. आईने त्याला लिंबू सरबत दिलं. ते तो घटाघटा प्यायला आणि त्याने ग्लास हातातच धरून ठेवला.

"मिसूरीतलं एक छोटं कॉलेज मला घ्यायला तयार आहे," तो म्हणाला. "पण या गुणांवर नाही. समिती म्हणते प्रकरण पुन्हा उघडू, मात्र साक्षीदार पाहिजे. वेड, तू येशील? या वेळी मीही खरं सांगेन. शपथ."

त्याने मला प्रथमच आजोबा म्हटलं नाही.

मी त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगायला आता त्याचं काही जात नव्हतं. माझं जायचं ते जाऊन चुकलं होतं. त्याची आई मला आठवली. मनोराही आठवला.

"कोणत्या बसबद्दल बोलतोयस?" मी म्हणालो. "मी तर झोपलो होतो. तूच सांगितलंस ना समितीत?"

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या आणि मी कदाचित हो म्हणालो असतो. तो हळूहळू मान हलवत राहिला, जणू चेंडू हातातून निसटला होता आणि तो कसा निसटला हे त्याला कळत होतं. मग त्याने ग्लास कठड्यावर ठेवला. माझी कुबडी बाकाखाली घसरली होती, ती वाकून काढली, माझ्या हाताला येईल अशी उभी करून ठेवली आणि पायऱ्या उतरून बसथांब्याकडे चालू लागला. पायऱ्या तो दोन-दोन एकदम उतरला, नेहमीच्या सवयीने.