शिंपीकाकांची नखं

मी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी आठपासून लोकांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, नळ्यांवर नंबर घालायचे, एखादी बाटली गळली तर पुसून काढायची. त्यामुळे मला किळस अशी सहजासहजी येत नाही. डबा खाताना शेजारची थुंकीच्या नमुन्यांबद्दल बोलत बसली तरी माझा घास अडत नाही. म्हणूनच माझ्या भावाच्या बाबतीत जे घडलं त्याची मला इतकी शिसारी का आली, आणि ती अजून का जात नाही, याचं माझं मलाच नवल वाटतं.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. आम्ही दोघं एकाच घरात राहतो. तो कॉम्प्युटरवर गेम खेळतो, म्हणजे पोटापाण्यासाठी खेळतो. पाच जणांची टीम, समोर दुसरे पाच जण, हातात खोट्या बंदुका. बाकीचे धावतात, उड्या मारतात. हा जमिनीला चिकटून सरकत सरकत जातो आणि मागून टिपतो. म्हणून त्याला मुंगी नाव पडलं. ते इतकं चिकटलं की आता आईसुद्धा फोनवर "मुंगी जेवला का?" असंच विचारते.

पण खेळ हा त्याचा धंदा झाला. त्याचं सुख वेगळंच. रोज दुपारी सराव संपला की तो दोन गल्ल्या ओलांडून वाचनालयात जायचा. तिथल्या ग्रंथपालबाई फाटकी पुस्तकं त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायच्या. हा खळ आणि पातळ कागद घेऊन तासभर ती चिकटवत बसायचा. आधीच्या वाचकांनी समासात पेन्सिलीने काय काय लिहिलंय ते वाचून एकटाच हसायचा. "ताई, हे बघ, एकाने लिहिलंय, 'खोटारडा आहे हा नायक.' आणि खाली दुसऱ्याने, 'तुला काय माहीत?'" जिन्यातला दिवा गेला की तो गुपचूप बदलायचा. कोण बदलतं हे इमारतीत कोणाला माहीत नव्हतं.

आणि रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या शिंपीकाकांची नखं कापायचा.

शिंपीकाका म्हणजे कोट शिवणारे नावाजलेले कारागीर. आता हात थरथरतात म्हणून सुई सुटली. त्यांना साखरेचा आजार आहे. महिन्याला रक्त घ्यायला मीच जाते. एकदा रक्त घेताना माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. अंगठ्याचं नख वळून मांसात घुसलं होतं. मी घरी येऊन बोलले, "एवढा नीटनेटका माणूस, आणि पाय बघवत नाहीत. त्या आजारात पायाला जखम म्हणजे खेळ नव्हे." मी बोलले आणि विसरले. मुंगी दवाखान्यात जाऊन नर्सकडून शिकून आला. आधी कोमट पाण्यात पाय भिजवायचे, बोटांच्या मधली जागा कोरडी करायची, नख सरळ कापायचं, कोपरे खोदायचे नाहीत, मग कानशीने घासायचं. काकांची नखं पिवळी, जाड, शिंगासारखी. वास यायचा. मुंगीने एकदाही नाक मुरडलं नाही.

पाय भिजेपर्यंत वीस मिनिटं लागायची. तेवढ्यात हा कादंबरीतली पाच-सात पानं मोठ्याने वाचून दाखवायचा. काका मध्येच थांबवायचे.

"काय म्हणालास? घाईघाईत कोटाची सगळी बटणं तोडून निघून गेला?"

"हो काका. असं लिहिलंय."

"लेखकाने जन्मात बटण लावलेलं नाही. चार वेढे घालून गाठ मारलेलं बटण असं तुटत नसतं. कापड फाटेल. पुढे वाच."

मी कधीमधी दारात उभी राहून ऐकायची. दोघांचं चांगलं चाललं होतं.

मग टीमचा मॅनेजर घरी आला. पातळ दाढी, खोलीभर पसरणारं अत्तर, आणि लहानथोर सगळ्यांना "भावा" म्हणायची सवय. मलासुद्धा एकदा म्हणाला. टीममधल्या एकाने खेळता खेळता एका मुलीला अश्लील शिव्या दिल्या होत्या आणि ते हजारो लोकांनी थेट ऐकलं होतं. ज्या पेयाच्या कंपनीचं नाव यांच्या शर्टावर असतं ती कंपनी बिथरली होती. आता खेळाडूंची चांगली बाजू दाखवायची होती.

"खेळाच्या पलीकडचा मुंगी!" मॅनेजर म्हणाला. "सांग ना भावा, गेम सोडून तुला काय आवडतं?"

आणि माझ्या भोळ्या भावाने खरं ते सांगितलं. पुस्तकं, खळ, आणि शिंपीकाका. मॅनेजरचे डोळे काकांच्या नावाला लकाकले. भूक लागलेल्या माणसाचे लकाकतात तसे.

मुंगीने काकांना विचारलं. ते म्हणाले, "येऊ देत की. मला काय लपवायचंय?"

रविवारी कॅमेरा घेऊन चौघं आली. काकांनी सकाळी सहालाच दाढी केली होती, आणि स्वतः शिवलेला राखाडी कोट घातला होता. खांद्यावर एक सुरकुती नाही. मला म्हणाले, "यातली एक तरी शिवण बाहेरून दिसते का बघ." दिसत नव्हती.

मॅनेजरने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि कॅमेरावालीच्या कानात काहीतरी बोलला. मग गोड आवाजात म्हणाला, "काका, कोट काढता का? जरा साधं काहीतरी. घरात घालता ते."

"मी पाहुणे आले की कोटच घालतो."

"हो, पण कसं आहे ना, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की तुम्हाला गरज आहे."

काका माझ्या भावाकडे बघत राहिले. भाऊ जमिनीकडे बघत होता. काकांनी कोट काढला. आतल्या बनियनला काखेत भोक होतं. कॅमेरावाली म्हणाली, "हे छान आहे."

मी काय करत होते? सांगायला लाज वाटते. माझ्या हातात त्यांनी एक पांढरा फलक दिला होता, काकांच्या तोंडावर उजेड पाडायला. मी तो धरून उभी होते.

मग मुंगीने पाण्यातून काकांचा पाय बाहेर काढला. मॅनेजरने वाकून बघितलं आणि तोंडावर रुमाल धरला. "शी! बाप रे! हे नको, हे नको. लोक जेवता जेवता बघतात, भावा." म्हणजे जे काम हा दोन वर्षं करत होता तेच नको. त्याऐवजी मुंगीने गुडघे टेकून काकांचा हात हातात घ्यायचा ठरलं. शेजारी पेयाचा डबा, नाव कॅमेऱ्याकडे. कादंबरीला रंगीत कागदाचं वेष्टन घातलं, त्यावर टीमची खूण.

"काका, मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे. दुसऱ्या गावी असते."

"शेवटची कधी आली होती?"

काका आठवायला थांबले. ते महिना आठवत होते, मला माहीत होतं, कारण त्यांना सगळं तारखेनिशी सांगायची सवय आहे. पण मॅनेजर कॅमेरावालीला हळूच म्हणाला, "हे घे. हे थांबणं घे. काका, थोडं खाली बघा." उत्तर त्याला नकोच होतं. काकांनी "मार्चच्या वीस तारखेला" म्हणेपर्यंत कॅमेरा बंद झाला होता.

गुरुवारी व्हिडिओ आला. नाव होतं, 'ज्याचं कोणी नाही, त्याचा मुंगी!' मागे रडकं संगीत. काकांच्या तोंडून एक वाक्य नाही. फक्त खाली घातलेली मान, भोक पडलेलं बनियन, आणि माझ्या भावाचा चेहरा. सात लाख लोकांनी पाहिला. खाली बदाम, रडके चेहरे, 'देवमाणूस', 'डोळे पाणावले', 'अशी मुलगी असण्यापेक्षा नसलेली बरी'. लॅबमधल्या मुली माझ्याभोवती गोळा झाल्या. "तुझा भाऊ ना गं? किती गोड!" मी हातमोजे काढून बेसिनपाशी गेले आणि उगाचच हात धूत राहिले. साबण लावला, पुन्हा लावला. काहीतरी बुळबुळीत लागलंय असं वाटत होतं.

त्याच दिवशी काकांच्या मुलीचा फोन आला. तिने बापाला काय सुनावलं ते मला कळलं नाही. मग तिने मुंगीला फोन लावला; त्याला जे सुनावलं ते मात्र मला भिंतीपलीकडूनही ऐकू आलं. "मी दररोज फोन करते त्यांना. दररोज! माझ्या ऑफिसातला माणूस मला विचारतो, बापाला टाकलं का म्हणून. तुम्ही माझ्या बाबांचं प्रदर्शन मांडलंत."

पुढे जे झालं ते आणखी वाईट. लोकांना पत्ता कळला. कोणी दाराशी डबे ठेवायला लागलं, कोणी काकांसोबत फोटो काढायला यायला लागलं. एका सकाळी दाराबाहेर गोणी होती. आत जुने शर्ट, जुन्या पँट, मळलेल्या कॉलर, तुटक्या चेनी. सगळा जन्म कोट शिवण्यात घातलेल्या माणसाला कोणीतरी वापरून टाकलेले कपडे दान केले होते. मी खाली गेले तेव्हा काका त्यातला एक शर्ट चिमटीत धरून उभे होते.

"शिलाई बघ," ते म्हणाले. "अशी शिलाई करणाऱ्याला मी माझ्या दुकानाच्या दारातही उभं केलं नसतं. आणि हे मी घालायचं." मग दार लावून घेतलं.

रविवारी मुंगी गेला. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "माझी नखं मी कापीन."

तो वर आला आणि बसला. मग म्हणाला, "ताई, मला माझी घाण वाटते."

"मग काहीतरी कर," मी म्हणाले. माझाही आवाज कडक झाला होता, कारण फलक मीच धरला होता.

तो मॅनेजरकडे गेला. मॅनेजर म्हणाला, "भावा, सात लाख! लोक रडले! तुला प्रॉब्लेम काय आहे?" व्हिडिओ काढून टाकायला तो तयार नव्हता. तेव्हा शनिवारच्या सामन्याआधी, थेट प्रक्षेपण चालू असताना, मुंगीने कानावरचे हेडफोन काढून ठेवले आणि बोलायला लागला. मी घरून बघत होते. त्याचा आवाज फाटत होता.

"तो व्हिडिओ खोटा आहे. काकांना मुलगी आहे, ती रोज फोन करते. काकांनी चांगला कोट घातला होता, तो काढायला लावला. मी समोर बसलो होतो, मी तोंड उघडलं नाही. मी त्यांच्यावर उपकार केलेले नाहीत. मला तिथं जायला आवडायचं, म्हणून मी जायचो. कृपा करून त्यांच्या दारात जाऊ नका."

पडदा काळा झाला. उरलेल्या मोसमासाठी त्याला टीमबाहेर बसवलं. व्हिडिओ काढून टाकला गेला, तरी लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती फिरत राहिल्या. आणि त्याचं हे बोलणंही कोणीतरी कापून, मागे तेच रडकं संगीत लावून पसरवलं. पुन्हा बदाम. पुन्हा 'किती प्रामाणिक!' घाण पुसायला फडकं घ्यावं तर लोक फडक्याच्या पाया पडायला लागले.

तीन आठवडे काकांचं दार बंदच होतं. चौथ्या आठवड्यात मी रक्त घ्यायला गेले. बंद खोलीत कुजका वास होता. पायात मोजे.

"मोजे काढा," मी म्हणाले.

"रक्त हातातून घेतात."

"काका, मोजे काढा."

अंगठा जांभळा पडला होता, कडेने पू. थरथरत्या हातांनी कापडाच्या कात्रीने नखं कापायला गेले होते. मी त्यांना तशीच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, आठवडा उशीर झाला असता तर बोट गेलं असतं. रिक्षातून परतताना काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्याला यायला सांग."

मुंगी खाली आला तो दारातच उभा राहिला. काकांनी त्याला बस म्हटलं नाही.

"त्या दिवशी तू गप्प का बसलास?"

"घाबरलो."

"कोणाला? त्या अत्तरवाल्याला?"

"माहीत नाही काका. कॅमेरा चालू होता. सगळे माझ्याकडे बघत होते."

"मी कोट काढला," काका म्हणाले. "मला कोणी धरलं नव्हतं. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत आलो, हे तुला शोभत नाही, हे मी शिवणार नाही. आणि एका पोराने सांगितलं तर काढला." त्यांनी जमिनीवर थुंकल्यासारखं तोंड केलं. "मलाही माझी किळस येते. ये. पाणी तापव."

जखम भरायला दोन महिने लागले. पट्टी मी बदलायची, नखं तो कापायचा. डाव्या पायाची आधी, मग उजव्या पायाची, दुखरा अंगठा सोडून. पुस्तक तो पहिल्याच रविवारी घेऊन गेला होता, पण काका म्हणाले, "वाचन नको." पुढच्या रविवारीही तेच. मला राग आला, एवढं काय ताणायचं? मुंगी म्हणाला, "त्यांना नको तर नको." आता पाय पाण्यात असतात तेव्हा तो पुस्तक मनातल्या मनात वाचतो आणि काका डोळे मिटून बसतात. खिडकीचा पडदा ओढलेला असतो. रस्त्यावरून कोणी डोकावलं तर दिसू नये म्हणून काकांनीच तो लावून घेतलाय, दुहेरी अस्तराचा.

त्याच वेळी मुलीचा फोन येतो. काका तो मुंगीच्या हातात देतात. ती पाय कसा आहे ते विचारते, पुन्हा पू आला का, चालता येतं का, आणि शेवटी दर वेळी विचारते, "तिथं कोणी शूटिंग करत नाहीये ना?"

"नाही ताई," मुंगी म्हणतो.

"नक्की?"

"नक्की, ताई."