दाराच्या बाहेरची कडी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कडी आहे. सुताराने मला आत्याच्या खोलीच्या दाराला आतून बसवले, तेव्हा तो म्हणाला होता, "बाई, ही लावली की कुणाची टाप नाही आत यायची." कितीतरी वर्षे त्याचा शब्द मी राखला. आत्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. घरी आली की आधी मला सरकवायची आणि मगच चपला काढायची. "दुनियेच्या लाइनी जोडल्या, आता माझी लाइन बिझी!" असे मलाच ऐकवायची. अधूनमधून तेलाचा थेंब द्यायची.

पुढे तिचे गुडघे गेले आणि भाचा सोबतीला राहायला आला. एकदा आत्या शेजारच्या शिंपीणबाईंच्या खालच्या दुकानात एकटीच निघाली आणि जिन्यात पडली. दुसऱ्याच दिवशी भाच्याने मला काढले आणि त्याच दाराला बाहेरून बसवले.

"तुझ्याच भल्यासाठी गं आत्या."

सकाळी तो मला लावून कामावर जाई, तो अंधार पडल्यावरच उघडी. आतले पाणी संपले की आत्या दार वाजवत राही. प्रत्येक थाप माझ्या अंगावर येई.

शिंपीणबाईंनी ती थाप भिंतीपलीकडून ऐकली. म्हाताऱ्या माणसांच्या छळाची चौकशी करणाऱ्या कार्यालयात त्यांनी तक्रार दिली. त्या कार्यालयाची एक रीत आहे. खेप फुकट जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी घरी फोन करायचा. फोन भाच्याने घेतला.

त्याने स्क्रू काढले, बाहेरच्या भोकांत साबण भरला, वरून रंगाचा हात मारला आणि मला शर्टाच्या खिशात टाकले.

चौकशीला आलेल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी दाराच्या आतल्या बाजूची भोके पाहिली आणि विचारले, "इथली कडी कुठे गेली?"

"काढली मॅडम. आतून लावून घ्यायची. पडली तर दार फोडायचं का आम्ही?"

बाईंना ते पटले. दाराची दुसरी बाजू त्यांनी पाहिली नाही. मग आत्यासमोर खुर्ची ओढली. भाचा तिथेच, आत्याच्या शेजारी पलंगावर बसला.

"मावशी, मोकळेपणाने सांगा. काही त्रास होतो का?"

आत्याने आधी भाच्याकडे पाहिले, मग त्याच्या खिशाकडे. माझ्या वजनाने तो खाली ओढला गेला होता.

"नाही हो. बाळ फार जपतो मला."

बाई उठल्या. "दार ओढून घेऊ का मावशी?"

"नको!" आत्या एवढ्या मोठ्याने म्हणाली, की बाई थबकल्या. "उघडंच राहू दे. थोडा वेळ तरी."

"राहू दे की," बाई हसल्या आणि जिना उतरल्या. तक्रारीत तथ्य आढळले नाही, असे कार्यालयाने कळवले. तक्रार कोणाची, हे ओळखायला भाच्याला वेळ लागला नाही. त्याने दम दिल्यापासून शिंपीणबाई आमच्या दाराकडे पाहतही नाहीत.

मी तर बाई येऊन गेल्या त्याच संध्याकाळी पुन्हा बाहेरच्या जागेवर आले होते.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कुणाची अशी विचारपूस करायला गेलात, तर न कळवता जा. ज्याचे दुःख आहे त्याच्याशी एकट्याशी बोला. दार दोन्ही बाजूंनी पाहा. आमच्याकडे मात्र आता कुणी येणार नाही.

आत्याही हल्ली दार वाजवत नाही. भाचा घाईत मला लावायला विसरला, तरी ती आतच बसून राहते.