चाळीस बनावट रुग्ण

अकरा सेकंद उलटले तरी उत्तर आले नव्हते. ताहेर कम्मून यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. चाळीस ओळींना अकरा सेकंद लागत नाहीत.

स्फाक्स शहरातल्या डायलिसिस केंद्राचा डेटाबेस ते एकोणीस वर्षे सांभाळत होते. त्यांचा नेम ठरलेला. कुठलीही क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, खऱ्या नोंदींना लावण्याआधी आपल्या संगणकावर तात्पुरता कंटेनर, म्हणजे डेटाबेसची सुटी नक्कल, उभा करायचा, डोसांचा तक्ता रिकामा करून त्यात चाळीस बनावट रुग्ण भरायचे, क्वेरी पारखायची आणि कंटेनर फेकून द्यायचा. बनावट रुग्णांना ते माशांची नावे देत.

"काका, दोन ओळींच्या क्वेरीसाठी एवढा थाट?" शेजारच्या टेबलावरून तरुण सहकारी ओल्फाने मघाशीच चिडवले होते. "तुम्ही पाणीसुद्धा आधी मांजराला पाजाल!"

"पाजतो. म्हणून तर इतकी वर्षं कुणाचं पोट बिघडलं नाही."

आता पडद्यावर आकडा उमटला. पुसलेल्या नोंदी दोन लाखांवर.

ताहेर पडद्यावरच्या आधीच्या ओळी चाळत वर गेले. तिथे एक तांबडी ओळ न वाचताच राहिली होती. कंटेनर सुरूच झाला नव्हता. त्याचा पोर्ट, म्हणजे संगणकातले जोडणीचे दार, आधीच दुसऱ्या कशाने तरी व्यापलेला होता.

"ओल्फा, सकाळी माझ्या मशीनवरून मुख्य सर्व्हरशी जोडणी केली होतीस..."

"तुम्हीच म्हणालात, अहवाल होईपर्यंत राहू दे."

त्याच पोर्टातून तक्ता रिकामा करण्याची आज्ञा आणि बनावट रुग्ण, सारे खऱ्या नोंदींत गेले होते. पासवर्डनेही अडवले नाही. चाचणी हुबेहूब व्हावी म्हणून कंटेनरला खराच पासवर्ड देण्याची शिस्त ताहेर यांनीच घातली होती.

फोन वाजला. वॉर्डातली परिचारिका जलीला हसत होती. "काका, दुपारच्या पाळीत हे तारली नावाचे गृहस्थ कोण हो? आणि बोय बाई?"

"डोस कसे दिलेस?"

"पाठ आहेत मला. नेहमीचेच दिले."

"सकाळी डॉक्टरांनी काय बदललं?"

"ते तुमच्याकडंच असतं ना!" हसू थांबले होते.

ओल्फा कुजबुजली, "पहाटेची राखीव प्रत चढवू या. कुणाला पत्ताही लागणार नाही."

"सकाळचे बदल त्यात नाहीत, पोरी." त्यांनी फोन तोंडाशी धरला. "जलीला, आता कुणालाही औषध नको. डॉक्टरांना बोलाव. खऱ्या नोंदी मी पुसल्यात. मी खाली येतोय."

कागद घेऊन ते खाटेमागून खाट फिरले. "रक्त पातळ करायचं औषध सकाळी बदललं का?"

"नाही, बाबा."

"नाही."

सहाव्या खाटेवरचे वृद्ध गृहस्थ डोळे मिटून पडले होते. मशीन फिरत होते. उशाशी बसलेली त्यांची बायको म्हणाली, "ह्यांचं बंद केलंय. पहाटेपासून नाकातून रक्त येत होतं ना. तुमच्या कॉम्प्युटरात घातलंय डॉक्टरांनी, माझ्यासमोर."

मशीनमधून त्यांना नेहमीचा डोस जातच होता; तो थांबवायला जलीला धावली. ताहेर यांनी कागदावर सहाचा आकडा काढला.

"नाव सांगा," ते म्हणाले.

बाई एकेक अक्षर सावकाश सांगू लागल्या. दुसऱ्या हाताने त्या नवऱ्याचा खांदा हलवत होत्या. आधी हळू, मग जोरात.