कुंकवाखालचा आकडा

मी साखरखेर्ड्याच्या देवळातली पोथी बोलतेय. लाल रुमालात बांधलेली, सुट्या पानांची. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी बोरूने मला उतरवलं. देवधर्माच्या जोडीला पावसाची लक्षणंही माझ्यात आहेत: मुंग्या अंडी घेऊन निघाल्या तर काय, चिमण्या धुळीत न्हाल्या तर काय. पुढे त्या श्लोकांच्या म्हणी झाल्या. म्हणी शेतात गेल्या, मी फडताळात राहिले.

माझा मान मोठा. वाचणारा एक, हळदकुंकू लावणारे शंभर. फक्त पेरणीआधी गाव देवळात जमतं आणि शालिग्राममहाराज माझा पावसाचा अध्याय वाचतात.

यंदा त्यांनी वाचलं, "चिमण्या धुळीत न्हाऊ लागल्या, की..." पान उलटलं. "...पाऊस पंधरा दिवस लांबतो."

सकाळपासून पारापाशी चिमण्या धुळीतच लोळत होत्या. सगळ्यांनी पेरणी थांबवायचं ठरवलं. बेबीताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. दोन एकर रान, बियाणं एकाच पेरणीचं आणि जमिनीतली ओल जेमतेम उद्यापर्यंतची.

"महाराज, माही माय म्हने, चिमणी धुळीत न्हाय, पाणी दारात हाय."

"तुमच्या मायची पोथी निराळी दिसते, बेबीबाई!" शेजारच्या रानाचे उकंडराव हसले.

"हेच पोथी होती. इथंच बसून आयके ते. महाराज, पानाचा आकडा पाहा बरं."

आकडा दिसेना. त्यावर तीन पिढ्यांचं कुंकू थापलेलं. बेबीताईंनी पदराचं टोक पुढे केलं.

"अहो, पोथीला हात?" महाराज दचकले.

"कुंकू लावाले चालते, पुसाले काऊन नाही?"

कुंकवाखालून निघालं एकवीस. गेल्या पूजेत माझी पानं विस्कटली होती. ती भक्तिभावाने गोळा झाली, क्रमाने नव्हे. आधी वाचलेलं पान अकरावं होतं; त्याच्या पुढचं बारावं तळाशी सापडलं. महाराजांनी हळू आवाजात वाचलं, "...पाऊस दोन दिवसांत येतो."

बेबीताईंनी त्याच दुपारी पेरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळाचे पत्रे वाजले. उकंडराव अजून पेरणीची तिफण शोधत होते.

एवढी वर्षं मला वाटायचं, म्हणी माझ्या लेकी. माझ्याविना त्यांचं कसं होणार? माझ्याकडे शाई होती, रुमाल होता, मान होता. बेबीताईंच्या मायकडे यातलं काही नव्हतं, तरी तिने लेकीपर्यंत एक अक्षर चुकू दिलं नाही.

आता मी पुन्हा फडताळात आहे, पानं लावलेली. कुंकू लावा, पण समासात. आणि पुढच्या वाचनाला बेबीताईंना माझ्यासमोर बसवा. मी चुकले, तर मला सांगणारं कुणीतरी हवं.