वेशीतला बाण

सुलेखाने बाणाचं टोक पालथं केलं आणि तिचा हात तिथेच थांबला. हिरव्या पडलेल्या काशावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, काळ्या शाईचा नंबर होता. शेवटचे दोन आकडे कुणीतरी खरवडून काढले होते.

"अस्सल आहे ना, वहिनी? सारंग सांगत होता, असिरियन लढायांवर तुमचा प्रबंध आहे म्हणून."

हेमचंद्र गुप्ते म्हणजे तिच्या नवऱ्याचे, सारंगचे साहेब. सिंगापूरमधल्या बेडोकच्या कॉन्डो-फ्लॅटमध्ये त्यांनी आपल्याला एवढ्या अगत्याने जेवायला का बोलावलं, ते तिला आता कळलं.

"कुठून मिळालं?"

"एका दलालाकडून. थेट बगदादहून! तिकडे सध्या सगळेच वाहत्या गंगेत हात धुताहेत." आणि ते खुशाल हसले.

युद्धाच्या गोंधळात बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं त्याला जेमतेम चार महिने झाले होते. सुलेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुण्यात सुरू केलेला प्रबंध ती इथे वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये बसून पाच वर्षं रेटत होती. असिरियाची राजधानी निनेव्ह, तिच्या वेशीत शत्रू शिरला तेव्हा कोण कुठे उभं राहून लढलं, हे लिहून ठेवायला कुणी राजा उरला नव्हता. जे काही कळायचं ते मातीत पडलेल्या बाणांवरून, कुठला बाण नेमका कुठे सापडला यावरून. उत्खनन करणारे ती जागा वहीत नोंदवतात आणि वस्तूवर तिचा नंबर घालतात. नंबर गेला की हातात उरतं भंगार. आणि हा गृहस्थ ते चटणीच्या वाटीशेजारी ठेवून मिरवत होता!

"तो काळा डाग तेवढा काढून द्या," हेमचंद्र म्हणाले. "फ्रेम करायचंय. थोडा मीच घासला, पण म्हटलं, उगाच ओरखडा नको."

"डाग?" तिचा आवाज चढला. "सर, तो डाग नाहीये. तो—"

टेबलाखाली सारंगने तिचा पाय दाबला.

"देईल ना सर, काढून," तो म्हणाला. "घरी तिच्याकडे सगळं सामान आहे. आठवडाभर लागेल फक्त."

"शाब्बास! तुझ्या वर्क पासचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात ना? फॉर्म माझ्याच टेबलावर आहे."

सारंगने मान डोलावली आणि टोक डबीत घालून डबी खिशात टाकली. सुलेखाची श्रीखंडाची वाटी तशीच राहिली.

लिफ्टचं दार मिटायचा अवकाश, तिने तोंड सोडलं.

"लाज नाही वाटली? अडला हरी समजू शकते मी, पण गाढवाचे पाय इतके घट्ट धरायचे? चोरीचा माल आहे तो, सारंग! मी त्या नंबराला हात लावणार नाही."

"नकोच लावूस."

"मग हो कशाला म्हणालास?"

"तू भांडली असतीस तर ते परत कपाटात गेलं असतं. आणि उद्या त्यांनीच घासून साफ केलं असतं."

सुलेखाने हात पुढे केला आणि सारंगने खिशातली डबी तिच्या हातावर ठेवली.

"सकाळी अर्धी रजा टाकतो," तो म्हणाला. "दोघं जाऊन पोलिसांकडे देऊ. कुठून मिळालं, तेही सांगू. तू आधी उरलाय तेवढा नंबर उतरवून घे."

तिने पर्स चाचपली. पेन सापडलं, कागद नव्हता. सारंगने पाकिटातून आपलं कंपनीचं व्हिजिटिंग कार्ड काढलं, उलटं केलं आणि कोरी बाजू तिच्यापुढे धरली.

"यावर लिही. ही कार्डं आता फारशी लागायची नाहीत."